कमांड टास्कला मला कुणीच बोलावलं नाही

एसएसबीला, म्हणजे सैन्यात अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढं, पहिल्या वेळी भोपाळला मी पाचही दिवस टिकलो, पण कमांड टास्कला एकाही मुलानं मला मदतीला बोलावलं नाही. निकालापेक्षा तेच जास्त लागलं.

सीडीएस, म्हणजे सैन्यात अधिकारी व्हायची परीक्षा, तिची लेखी निघाली की एसएसबीचं बोलावणं येतं. आधी स्क्रीनिंग, त्यातच बरीच मुलं परत जातात. मग मानसशास्त्राच्या चाचण्या: ६० शब्द, प्रत्येकावर वाक्य लिहायला १५ सेकंद; ६० प्रसंग, त्यात काय कराल ते लिहायला ३० मिनिटं. मुलाखत, आणि शेवटी कॉन्फरन्स, तिथं कोण रेकमेंड, म्हणजे पास, ते ठरतं. हे सगळं सरावानं जमतं. खरा कस लागतो जीटीओंच्या, म्हणजे गटाच्या चाचण्या घेणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, मैदानावर.

तिथं अडथळे पार करायला गटाला फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर देतात. लाल रंगाला पाय लागला की मागं फिरायचं. मी सुरुवातीपासून ओरडत होतो, ‘फळी इकडं घ्या, दोर मला द्या!’ पुढाकार म्हणजे हेच, असं डोक्यात बसलेलं. एक जण दोनदा काहीतरी सुचवत होता. मी त्याला बोलूच दिलं नाही. नंतर कमांड टास्कला प्रत्येक जण आळीपाळीनं म्होरक्या होतो आणि आपल्या गटातले दोन साथीदार निवडतो. मी झाडाखाली बसून राहिलो. माझ्या छातीवरचा नंबर कुणी पुकारलाच नाही.

सचखंड एक्सप्रेसनं परभणीला उतरलो, गावी गेलो. त्याच हंगामात आमची सोयाबीनची गाडी काळ्या रानात रुतली. बैल फेस गाळायले, आणि मी पुढून हाकतोय. आबा म्हणाले, ‘आधी पोती उतरव. बैलाला दम खाऊ दे.’ चाकाखाली दगड लावले. शेजारच्या काकांना म्हणाले, ‘तुमची नजर चांगली हाय, कधी रेटायचं ते तुम्ही सांगा.’ आणि स्वतः गुडघाभर चिखलात उतरून चाकाला खांदा लावला. गाडी त्यांचीच, पण हुकूम काकांचा. मी ते कितीदा तरी पाहिलं असेल, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं.

दुसऱ्या वेळी मैदानावर मोठी फट आली. फळी पुढं काढायची तर मागच्या टोकावर वजन लागतं. मी जाऊन बसलो. मांड्यांना कळ लागली, फळीची धार रुतत होती, पण सगळे पार होईपर्यंत उठलो नाही. आमच्यातला एक मुलगा उंचीला भीत होता. तो फळीवर मधेच थांबला. मी हळूच म्हणालो, ‘खाली मत देख, मैं बैठा हूँ।’ तो गेला. पुढची युक्ती त्यानंच सांगितली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती.

   

कमांड टास्कला पुन्हा झाडाखाली बसलो. पहिल्या मुलानं माझा नंबर घेतला. मग आणखी एकानं. तिसरी हाक आली तेव्हा हाताला माती तशीच होती. धावत गेलो तर समोर तोच, उंचीला भिणारा, हातात दोर घेऊन उभा. म्हणाला, ‘तू पीछे बैठ, आगे मैं जाता हूँ।’

त्या वेळी मी रेकमेंड झालो.