धानाच्या शेतांतून श्रावस्तीकडे

१८९८ साली जिथे बुद्धांचे मानले जाणारे अस्थिकलश सापडले, त्या पिपरहवाच्या स्तूपाला वंदना करून आम्ही पश्चिमेकडे निघालो तेव्हा कार्तिक सरत आला होता. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत धान कापणीला आलेलं. सिद्धार्थनगरचा हा भाग काळानमक तांदळाचा. वरचं तूस काळं, आतला दाणा पांढरा आणि सुवासिक. शोहरतगढ, बढनी, तुलसीपूर, बलरामपूर आणि मग श्रावस्ती अशी आमची वाट. पुढे भंतेजी, मागे विदर्भातले आम्ही उपासक-उपासिका.

संध्याकाळी मुक्कामावर त्रिशरण-पंचशील झालं की भंतेजी अग्गञ्ञ सुत्त, म्हणजे जगाच्या आरंभाविषयीचा बुद्धांचा उपदेश, थोडं थोडं उलगडत. दीघनिकाय या पाली ग्रंथातलं हे सत्ताविसावं सुत्त बुद्धांनी श्रावस्तीतच, उपासिका विशाखेच्या पूर्वाराम विहारात, वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांना सांगितलं. दोघेही ब्राह्मण घरातले, संघात यायला निघालेले, आणि त्यापायी आपल्याच लोकांच्या शिव्या खाणारे. ब्रह्म्याच्या मुखातून जन्मलेले तुम्ही, पायातून जन्मलेल्या मुंडक्या भिक्षूंत जाऊन बसलात! बुद्धांचं उत्तर रोकठोक आहे. ब्राह्मण स्त्रियांनाही पाळी येते, दिवस जातात, त्या बाळंत होतात, लेकराला अंगावर पाजतात. आईच्या पोटी आलेल्यांनी मुखातून जन्मल्याचं कशाला सांगावं? हे ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पायाचं म्हणून हिणवलं गेलं, त्यांची लेकरं ते ऐकत बसली होती.

जगाच्या आरंभाची कथा त्यानंतर येते. जग आकसतं तेव्हा बहुतेक जीव आभस्सर या तेजाच्या देवलोकात जन्मतात. मनोमय, स्वतःच्या तेजाने उजळलेले, प्रीती हाच त्यांचा आहार. फार मोठ्या काळाने जग पुन्हा उलगडतं. सगळीकडे पाणी आणि अंधार. चंद्र-सूर्य नाहीत, स्त्री-पुरुष नाहीत. मग तापवलेलं दूध निवताना साय धरावी तशी पाण्यावर रसाळ पृथ्वी पसरते. एका लोभी जिवाने ती बोटाने चाखली. बाकीच्यांनी त्याचं पाहून तेच केलं. खाता खाता अंगचं तेज गेलं, तेव्हा कुठे चंद्र-सूर्य दिसू लागले. देह जड झाले, कुणी देखणा, कुणी कुरूप, आणि देखणे कुरूपांना हिणवू लागले. तशी ती रसाळ पृथ्वीही नाहीशी झाली.

भंडाऱ्याकडच्या एक आजी आमच्यात होत्या, जन्म धानाच्या बांधावर गेलेला. त्यांनी विचारलं, "भंतेजी, पण हे सगळं बनवलं कोणी?"

"या कथेत बनवणारा कुणीच नाही, आजी. जग आकसतं, उलगडतं. जे घडतं ते कारणांनी घडतं."

आजींचं समाधान झालेलं दिसलं नाही. त्या गप्प राहिल्या.

तुलसीपूरच्या पुढे दोन्ही बाजूंना कापणी चालू होती, आणि त्या संध्याकाळी नेमका तांदळाचा भाग आला. त्या आरंभीच्या काळी नांगरल्यावाचून तांदूळ उगवायचा. ना कोंडा, ना तूस, स्वच्छ आणि सुगंधी. संध्याकाळी कापला की सकाळी पुन्हा तयार. पुढे एकाला दोनदा जायचा आळस आला, त्याने दोन्ही वेळचा एकदमच आणला. दुसऱ्याने दोन दिवसांचा, कुणी चार, कुणी आठ दिवसांचा. साठा सुरू झाला आणि दाण्यावर कोंडा आला, तूस आलं; कापलेलं पुन्हा उगवेना. मग लोकांनी शेतं वाटून घेतली, बांध घातले. एकाने आपला वाटा राखून दुसऱ्याचा उचलला. चोरी आली, तिच्यामागून दोषारोप, खोटं आणि मार. शेवटी सगळ्यांनी आपल्यातल्याच एका योग्य माणसाला निवडलं: रागवायचं तिथे रागव, हाकलायचं त्याला हाकल, आम्ही आमच्या तांदळातला वाटा तुला देऊ. तो महासम्मत, पहिला राजा. वर्णही याच माणसांतून, कामाकामाने निघाले.

आजींनी बांधावरून काळ्या तुसाची ओंबी उचलली, तळहातावर चोळली. "माझ्या सासऱ्यानं जन्मभर दुसऱ्याचं धान कापलं," एवढंच म्हणाल्या.

आमच्यातल्या एका तरुणाला यात महास्फोट आणि उत्क्रांती दिसत होती. तो उत्साहाने जुळवाजुळव करत होता. मला ते पटत नाही. विज्ञानाची साक्ष काढून या सुत्ताला मोठं करायची गरज नाही. भूक कशी साठ्यात बदलली, साठ्यातून कुंपण आणि कुंपणातून काठी कशी आली, हे त्यात इतकं उघड मांडलंय की त्याला दुसऱ्या कुणाची साक्ष लागू नये.

बलरामपूरच्या आधी राप्ती ओलांडली. बौद्ध ग्रंथांतली अचिरवती नदी ती हीच. पाय सोलवटले होते, पण श्रावस्ती जवळ आली होती.

श्रावस्तीच्या जेतवन विहारात आनंदबोधी या बोधिवृक्षाखाली बसल्यावर भंतेजींनी मालुंक्यपुत्त या भिक्षूची आठवण काढली. जग शाश्वत की अशाश्वत, हे सांगितलं नाहीत तर मी संघ सोडतो, असं तो याच जेतवनात म्हणाला होता. विषारी बाण लागलेला माणूस, मारणाऱ्याचं नाव-गाव, धनुष्याचा प्रकार कळेपर्यंत बाण काढू देणार नाही म्हणाला, तर तो मरून जाईल. बुद्धांनी त्याला हा दाखला दिला. संसाराचं पहिलं टोक सापडत नाही, हेही त्यांनी श्रावस्तीतच सांगितलं. त्या न सापडणाऱ्या प्रवासात प्रत्येकाने गाळलेले अश्रू चार महासागरांच्या पाण्याहून जास्त आहेत, हेही.

मग अग्गञ्ञ सुत्ताचा शेवट. चारही वर्णांतला जो कोणी क्लेशांतून मुक्त होतो, तोच धम्माने अग्र. भंतेजींनी शेवटची गाथा म्हटली: कुळाचा आधार घेणाऱ्यांत क्षत्रिय श्रेष्ठ असेल, पण जो विज्जाचरणसम्पन्नो, म्हणजे विद्या आणि आचरण यांनी संपन्न, तो देव-माणसांत श्रेष्ठ.

आजी एकदम म्हणाल्या, "भंतेजी, हे तर आपण रोज वंदनेत म्हणतो!"

"हो, आजी. बुद्धांच्या गुणांत म्हणतो. इथे तेच शब्द कुणाही माणसासाठी आलेत."

"म्हणजे माझ्या सासऱ्यासाठीही?"

"त्यांच्यासाठीही."