तळ्याकाठची पोलिश थडगी

काल टोरांटोहून नायगारा-ऑन-द-लेकला गेलो. धबधबा नाही, मला तिथलं पोलिश सैनिकांचं दफनस्थळ बघायचं होतं.

ओंटारिओ तळ्याच्या काठचं हे गाव १७८० च्या दशकात, अमेरिकन क्रांतीनंतर ब्रिटिश राजाशी एकनिष्ठ राहिलेल्या निर्वासितांनी वसवलं. डिसेंबर १८१३ मध्ये माघार घेताना अमेरिकन फौजेने ते जाळलं. सेंट मार्क्स चर्चच्या फक्त भिंती उरल्या. तिथल्या एका थडग्याच्या शिळेवर सुऱ्याचे खोल घाव आहेत. सैनिक तिच्यावर मांस तोडायचे म्हणे. मी त्या खाचेवरून बोट फिरवलं आणि अंगावर काटा आला.

पोलिश थडगी मात्र पहिल्या महायुद्धातली. १९१७ ते १९१९ इथल्या छावणीत २० हजारांवर पोलिश स्वयंसेवक तयार झाले, बहुतेक अमेरिकेत स्थायिक झालेले. काहींना लढाईआधीच १९१८ च्या फ्लूने गाठलं. ती पोरं इथेच राहिली.

मी कोल्हापूरचा. दुसऱ्या महायुद्धात आमच्या वळिवड्यात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले, त्यातले काही कोल्हापूरच्याच मातीत आहेत. आजी त्यांना ‘पोलंडची माणसं’ म्हणायची, अगदी शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं.

निघताना एक फूल तिच्या नावानं ठेवलं.