चार वाजताची संध्याकाळ आणि माळ्यावरचे बूट

सगळ्यात आधी सांगून टाकते, बर्फ नव्हता. बुडापेस्ट, व्हिएन्ना, प्राग, क्राको, ऐन डिसेंबरात मी आणि माझी मावसबहीण तीन आठवडे फिरलो आणि बर्फ किती दिसला, तर ट्रेनच्या खिडकीतून एका शेतावर काहीतरी पांढरट दिसलं तेवढाच, आणि तेही बहुतेक गोठलेलं दव होतं. फॅमिली ग्रुपवर मात्र रोज सकाळी "बर्फाचा फोटो टाका गं पोरींनो" सुरू. शेवटी मावसबहिणीने हॉस्टेलच्या फ्रीझरच्या आतला फोटो काढून टाकला आणि त्यावर आमच्या काकांनी "अप्रतिम!!" लिहून दोन नमस्कार टाकले.

ही ट्रिप २०१९ च्या डिसेंबरातली, म्हणजे कोरोनाच्या अगदी तोंडावरची. एवढ्या वर्षांनी लिहायचं कारण म्हणजे ऑफिसात दर ऑक्टोबरला कोणीतरी विचारतंच, हिवाळ्यात युरोप स्वस्त पडतं म्हणे, जाऊ का? जा की. ख्रिसमसचे दिवस सोडले तर हॉस्टेलं स्वस्त असतात, गर्दी कमी असते. पण मला प्रत्येक वेळी थंडीबद्दलच विचारतात आणि थंडीचं खरंच एवढं काही नसतं हो. पुण्यात नऊ अंशाला आपण कानटोपी घालून शेकोटी करतो कारण आपल्या घरात हीटर नसतो, बाहेर नऊ तर आत अकरा. तिकडे आत शिरलं की चोवीस. बाहेर एक अंश, दुकानात चोवीस, परत बाहेर एक, त्यामुळे दिवसभर जाकीट काढा, मफलर काढा, टोपी काढा, परत घाला, आणि सगळं हातात घेऊन घामाघूम होऊन तिकिटाच्या रांगेत उभे राहा. गारठ्यापेक्षा आम्ही ह्या काढघालीनेच दमलो.

त्रास दोनच गोष्टींनी दिला. एक म्हणजे अंधार आणि दुसरे माझे बूट.

तर बूट. माझे ट्रेकिंगचे बूट होते, चांगले, महागातले, राजगड-तोरणा केलेले. मग गुडघा दुखायला लागला, ट्रेक बंद झाले आणि आईने ते पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर टाकले, साडेचार वर्षं. ट्रिप ठरल्यावर काढले तर नव्यासारखे! नवीन थर्मल घेतलं, वॉटरप्रूफ जाकीट घेतलं, दोघींच्या सॅक घेतल्या, आणि बूट मात्र "आहेत की घरात" म्हणून तेच. पुणेरी हिशेब, दुसरं काय.

व्हिसाचं लांबण लावत नाही. एका शेंगेन व्हिसात चारही देश होतात, ३०,००० युरोंचं कव्हर असलेला ट्रॅव्हल इन्शुरन्स लागतो, बँक स्टेटमेंट, हॉस्टेलची बुकिंगं वगैरे. आमच्या वेळी फी ६० युरो होती, आता ९० झालीये. खरी भांडणं झाली ती सामानावरून. आईने डिंकाचे लाडू केले होते आणि बहीण म्हणाली, ताई, युरोपियन युनियनमध्ये दूध आणि मांसाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, लाडवात तूप आहे. आई म्हणाली तूप म्हणजे काय दूध आहे का! अर्धा तास वाद. शेवटी लाडू राहिले, त्यांच्या जागी मेतकूट, दाण्याची चटणी आणि बाकरवडी गेली. आणि खरं सांगते, संध्याकाळी हॉस्टेलच्या किचनमध्ये गरम मऊ भात, मेतकूट आणि वरून तिथलंच लोणी, ह्याच्यापुढे कुठलं रेस्टॉरंट नको.

बुडापेस्टला उतरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. हॉस्टेलला सामान टाकलं, चहा केला, तोंड धुतलं आणि बाहेर आलो तर रात्र. घड्याळात सव्वाचार! तिकडे त्या दिवसांत सूर्य चारच्या आतच मावळतो, हे मी वाचलं होतं, पण वाचणं वेगळं आणि सव्वाचारला काळ्याकुट्ट रस्त्यावर उभं राहणं वेगळं. आपल्याकडे चार म्हणजे चहाची वेळ, अजून एक कामाचा टप्पा बाकी असतो. मला तिसऱ्या दिवसापासून उगाचच रडू यायला लागलं, कारण काहीच नव्हतं. मग बहिणीने नियम केला, सात वाजता उठायचं, उजाडलं की बाहेर, म्युझियमं आणि चर्चं सगळी अंधार पडल्यावर. मंद उजेड का असेना, तो डोक्यावर घ्यायचा. उपयोग झाला, तुम्हीही हेच करा, नाहीतर दिवसाचा उजेड तुम्ही हॉस्टेलच्या नाश्त्यात आणि अंघोळीच्या रांगेत घालवाल.

बुडापेस्टात दोन गोष्टी आवडल्या. एक तिथली पिवळी मेट्रो, १८९६ साली सुरू झालेली, युरोपच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. स्टेशन इतकं वरवर की पंधरा-वीस पायऱ्या उतरलं की प्लॅटफॉर्म, लाकडी चौकटी, पांढऱ्या टाइल्स, डबे तर एवढेसे. त्या वेळी आपला कर्वे रोड मेट्रोसाठी पूर्ण खणलेला होता आणि नळस्टॉपला रोज पाऊण तास जायचा, त्यामुळे ते १८९६ वाचून मला कौतुकाबरोबर जरा रागही आला. दुसरं म्हणजे सेचेनीचं गरम पाण्याचं स्नानगृह, १९१३ चं. वज्रेश्वरीची कुंडं डोळ्यासमोर आणा आणि त्याला राजवाड्याच्या पिवळ्या भिंती लावा. उघड्यावरचा हौद, पाणी ३८ अंशांपर्यंत, वर एक-दोन अंशाची हवा, वाफ इतकी की समोरचा माणूस दिसत नाही, आणि त्या वाफेत म्हातारे आजोबा गळ्याइतक्या पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळतात. कपडे बदलायच्या खोलीपासून हौदापर्यंत जेमतेम वीस पावलं, पण ओल्या पायाने ती वीस पावलं धावताना मी आईला हाक मारली, शब्दशः.

व्हिएन्ना फार स्वच्छ, फार मोठं, आणि रविवारी फार बंद. तिकडे रविवारी दुकानं बंदच असतात, किराणा शनिवारी भरून ठेवायचा, हे आम्हाला रविवारी कळलं. पण तिथला ऑपेरा मात्र आवर्जून सांगते. १८६९ चं थिएटर, बसायची तिकिटं आपल्या आवाक्याबाहेर, पण उभं राहून बघायची तिकिटं आम्ही गेलो तेव्हा प्रयोगाच्या थोडं आधी विकायचे आणि ती खूपच स्वस्त. आत गेलं की उभं राहायला कठडे असतात, आणि आपली जागा धरायला त्या कठड्याला स्कार्फ बांधायचा! बांधला की तुम्ही खुशाल बाहेर जाऊन पाणी पिऊन या, जागेला कोणी हात लावत नाही. म्हणजे आपला एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकायचा प्रकारच की हो, फक्त झुंबराखाली. आईने दिलेला चॉकलेटी मफलर मी त्या कठड्याला बांधला आणि शेजारच्या काकूंनी मान डोलावून पसंती दिली. ऑपेरा तीन तासांचा होता, मला त्यातलं निम्मं कळलं नाही, पाय मात्र दुखायला लागले. उजव्या बुटातून काहीतरी कचकच वाटतंय असं मी तेव्हा बहिणीला म्हटलेलं. ती म्हणाली खडा असेल.

खडा नव्हता.

प्रागला पोचलो २२ ला. तिकडे ख्रिसमसच्या आधी रस्त्यावर मोठमोठे निळे टब ठेवून जिवंत मासे विकतात, कार्प नावाचा, आपल्या रोहूच्या नात्यातला. चोवीसच्या रात्री घरोघरी तोच. गिऱ्हाईक बोट दाखवतं, विक्रेता जाळीने उचलतो, वजन करतो आणि तिथल्या तिथे कापून देतो, किंवा तुम्ही तसाच जिवंत घरी नेऊ शकता, काही जण तो दोन दिवस बाथटबमध्ये ठेवतात. मग पोरं त्याला नाव ठेवतात आणि कापायच्या वेळी रडारड. बहिणीने पंधरा मिनिटं ते सगळं बघितलं आणि त्या रात्री मेतकूट-भातच मागितला.

चोवीस तारखेला दुपारी तीनच्या सुमाराला आम्ही चार्ल्स पुलावर. १३५७ साली बांधायला घेतलेला दगडी पूल, दोन्ही बाजूंना संतांचे पुतळे, खाली नदी, वर भुरभुर पाऊस, आणि माझ्या उजव्या बुटाने आ वासला. पुढून तळवा सुटून बदकाच्या चोचीसारखा उघडला. दहा पावलांवर टाचेकडून निघाला आणि सरळ रस्त्यावर पडून राहिला. मी वाकून उचलला तर बोटांत भुगा आला, ओल्या नानकटाईचा होतो ना तसा, काळसर, चिकट. नंतर वाचलं तेव्हा कळलं, अशा बुटांच्या तळव्यात पॉलीयुरेथेनचा फोम असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो हळूहळू आतून मोडतो. वापरात असलेला बूट टिकतो, न वापरता ठेवलेला जातो, आणि प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडली तर अजूनच लवकर. आमच्या माळ्यावर त्याने पुण्याचे चार पावसाळे काढले होते. वरून नवा, आतून लाडूचा चुरा.

आणि दुकानं? झेकमध्ये, म्हणजे प्रागच्या देशात, २०१६ पासून कायदा आहे, मोठी दुकानं २४ ला दुपारी बारानंतर बंद, २५ आणि २६ पूर्ण बंद. आम्ही तीन तास उशिरा होतो. मी एका पायात बूट आणि एका पायात बुटाची कातडी अशी, दगडगोट्यांच्या त्या ओल्या रस्त्यावरून चाललेय, मोजा चिंब, आणि बहीण फोनवर बॅटरी संपेपर्यंत दुकानं शोधतेय. प्रागमध्ये कोपऱ्याकोपऱ्यावर व्हिएतनामी लोकांची किराणा दुकानं आहेत, छोटी, आपल्याकडच्या वाण्यासारखी, ती उघडी असतात. तिथे बूट नव्हते पण करड्या रंगाची जाड चिकटपट्टी मिळाली. दुकानातल्या ताईंनी माझ्या पायाकडे बघितलं, काही न बोलता स्टूल पुढे सरकवलं, आणि पट्टी कापायला स्वतःची कात्री दिली. मोज्यावर ब्रेडची रिकामी पिशवी, त्यावर बूट, त्यावर तळवा, त्यावर पट्टीचे आठ वेढे. डावा अजून शाबूत होता, पण बहीण म्हणाली ताई त्यालाही बांध, निदान मॅचिंग दिसेल.

रात्री आईचा व्हिडिओ कॉल. "काय गं, पायाला काय झालंय?"
"काही नाही आई, बूट तुटला."
"तरी म्हणत होते नवीन घे म्हणून."
असं ती अजिबात म्हणत नव्हती. पण परदेशातून वाद घालायला डेटा परवडत नाही.

पुढचे दोन दिवस चालणं शक्य नव्हतं, म्हणून ट्राम. चोवीस तासांचं तिकीट तेव्हा ११० कोरुना (तिकडचं चलन), पहिल्यांदा चढताना पिवळ्या मशीनमध्ये शिक्का मारला की झालं. नाताळातही ट्राम चालतात, आतून मस्त गरम असतात, सीटखालून ऊब येते. बावीस नंबरची ट्राम नदी ओलांडून घाटीने वर किल्ल्याकडे जाते, तिच्यात आम्ही शेवटच्या स्टॉपपर्यंत जायचो आणि उलट यायचो, असं किती वेळा केलं देव जाणे. खिडकीला वाफ, ती पुसायची, घराघरांत दिवे, लोक डबे घेऊन एकमेकांकडे चाललेले, कोणाच्या तरी डब्यातून बटाट्याच्या सॅलडचा वास. प्रागचं घड्याळ, किल्ला, सगळं नंतर नीट बघितलं, पण मला आठवतात त्या ट्रामच्या फेऱ्याच.

सत्तावीसला सकाळी दुकानं उघडली आणि आम्ही वेन्सेस्लास चौकात. समोर १९२९ ची काचेची इमारत आणि तिच्यावर लाल अक्षरात, काय असावं? बाटा! मी रस्त्यातच थांबले. आमच्या लहानपणी जूनमध्ये शाळेचे काळे बूट आणि पांढरे कॅनव्हास म्हणजे बाटा, मला आयुष्यभर वाटत होतं की बाटा आपलं, टाटांच्या शेजारचं कोणीतरी. तर ती कंपनी झेक निघाली, १८९४ साली झ्लीन नावाच्या गावात टोमास बाटा आणि भावंडांनी काढलेली, आणि कोलकात्याजवळच्या बाटानगरला नाव त्यांचं. एवढंच नाही, नऊने संपणाऱ्या किमतींना झेक भाषेत 'बाटाच्या किमती'च म्हणतात. मला मिळालेल्या बुटांची किंमत १४९९ कोरुना. बहीण म्हणाली, बघ, परंपरा. माझा चिकटपट्टीवाला जोड काउंटरवरच्या मुलाने दोन बोटांनी उचलून खोक्यात ठेवला आणि विचारलं, सोबत न्यायचेत का? मी नको म्हटलं, आणि आईला फोन करून सांगितलं नाही.

पोलंडमधल्या क्राकोबद्दल थोडक्यात, कारण तोपर्यंत पैसेही संपत आले होते आणि अंगात कणकणही होती. चौकातल्या चर्चच्या मनोऱ्यावरून दर तासाला एक जण तुतारी वाजवतो आणि सूर मध्येच तोडतो, पूर्ण करतच नाही. मिल्क बार म्हणजे आपल्या साध्या खानावळी, तिथे बटाटा-चीजचे पिएरोगी, वाफवलेल्या करंज्याच, पोटभर आणि स्वस्त. आमचं आजोळ कोल्हापूरचं. आजी सांगायची, वळिवड्याच्या कॅम्पातल्या गोऱ्या बायका बाजाराला यायच्या आणि मराठीत भाव करायच्या. दुसऱ्या महायुद्धात बेघर झालेले सुमारे पाच हजार पोलिश लोक १९४३ ते १९४८ तिथे राहत होते. हे मी हॉस्टेलच्या रिसेप्शनवरच्या मुलीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. तिने ऐकलंच नव्हतं. तिने गुगल केलं, दोन मिनिटं गप्प वाचलं, मग म्हणाली माझ्या आजीला विचारते, आणि आम्हाला चहाचे पैसे लावले नाहीत.

एक तारखेला रात्री घरी पोचलो. आईने डिंकाचे लाडू ठेवले होते, तुपातले.

बाटाचे ते बूट मी अजून वापरते, पावसात, सोसायटीत फिरायला, भाजी आणायला. गेल्या महिन्यात दोन दिवस दिसेनात म्हणून शोधले तर माळ्यावर, पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत, वर सुतळीची गाठ. स्टूल घेऊन खाली काढले. आई स्वयंपाकघरातून ओरडली, "अगं चांगले आहेत ते, राहू देत की वर!"