सुट्टीच्या आठवड्यातलं वेळास

माझ्या औषधाचं वेळापत्रक पाठ करायला सोपं आहे. पाल्बोसिक्लिबची गोळी २१ दिवस रोज एक, मग ७ दिवस बंद. स्तनाचा कॅन्सर हाडांत उतरला की तो पुरता जात नाही, औषध लागू पडतंय तोवर तेच चालू ठेवायचं, हे डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. त्यामुळे ‘ट्रीटमेंट संपली की फिरायला जाऊ’ हे वाक्य आमच्या घरातून बाद झालं. ते सात दिवस खरं तर पांढऱ्या पेशींना पुन्हा वर यायला दिलेले असतात. मी त्यात माझाही वाटा काढून घेतलाय.

मार्चमधल्या अशाच आठवड्यात नणंदेचा फोन आला. “वहिनी, वेळासला कासवांची पिल्लं निघतायत. मी घरगुती राहायची सोय बघितलीय. नाही म्हणायचं नाही.” नाही म्हणतंय कोण!

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धनच्या बाजूने बागमांडला. मणक्याला दणके चालत नाहीत, म्हणून गाडी सावकाश. प्रत्येक खड्ड्याआधी नवरा माझ्याकडे बघून “लागलं का?” विचारायचा, म्हणजे खड्डा यायच्या आधीच! बागमांडल्याला गाडी फेरीबोटीवर चढवली. सावित्रीची खाडी ओलांडली की रायगड जिल्हा मागे आणि रत्नागिरी सुरू. बोटीवर ऊन, डिझेलचा वास आणि मासळीचा वास एकत्र नाकात गेले. केमोच्या दिवसांत यातल्या कुठल्याही एका वासाने मी आडवी झाले असते. या वेळी चक्क भूक लागली.

ज्या घरी उतरलो तिथल्या काकूंनी माझ्या डोक्याकडे एकदा बघितलं आणि सरळ विचारलं, “केस गेले होते का?” म्हटलं, हो, कॅन्सर आहे. “माझ्या जावेला होता. तुम्हाला तिखट चालतं ना?” संपला विषय. शहरात हेच सांगितलं की समोरच्याचा आवाज खाली येतो, मान तिरकी होते आणि ‘पॉझिटिव्ह राहा’ सुरू होतं. कुळथाचं पिठलं, गरम भात, फणसाची भाजी. कोशिंबीर मी बाजूला सारली, कच्चं शक्यतो टाळते. काकूंनी कारण न विचारता त्याच काकडीची फोडणी घालून भाजी करून आणली.

वेळास हे नाना फडणविसांचं मूळ गाव. आता मात्र ते ऑलिव्ह रिडले कासवांमुळे ओळखलं जातं. पूर्वी किनाऱ्यावरची अंडी उकरून खाल्ली, विकली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे संवर्धन सुरू केलं आणि हळूहळू गावच राखणदार झालं. मादी रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालते आणि निघून जाते. कार्यकर्ते ती उचलून किनाऱ्यावरच्याच कुंपणात, तसाच खड्डा करून पुन्हा पुरतात. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त, हे मला तिथेच कळलं. खड्ड्यावर टोपली पालथी घातलेली असते. सकाळ-संध्याकाळ ती उचलून बघायची.

पहिल्या संध्याकाळी टोपलीखाली काहीच नव्हतं. लांबून आलेली एक पोरगी भोकाड पसरून रडली.

सुरूच्या बनातून किनाऱ्यावर जाताना मी खाली बघूनच चालते. केमोतल्या पॅक्लिटॅक्सेल या औषधाने तळव्यांची जाणीव बरीचशी नेलीय. वाळू तापलीय की गार, ते पायांना उशिरा कळतं, पाऊल कुठे पडतंय ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं. सकाळी ओहोटीच्या ओल्या वाळूवर बारक्या खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्या करून नक्षी मांडली होती, भोकापासून चहूबाजूंना किरणांसारखी. मी तिला वळसा घालून जात होते, मागून नणंद सगळं तुडवत येत होती.

त्या सकाळी टोपली उचलली तर खाली वाळू हलत होती. आधी एक काळपट डोकं, मग एक वल्हं. पापणीवर वाळूचे कण. दोरीमागे आम्ही सगळे उकिडवे बसलो. मला उकिडवं जमत नाही, मला कोणीतरी स्टूल दिलं. पिल्लं पाण्यापासून थोडी लांबच सोडली, ती आपली आपण चालत गेली. एक वाटेत थांबलं, उलटं वळलं, पुन्हा सुलटं झालं. पहिली लाट आली आणि त्याला होतं तिथून मागे फेकलं. सगळी गर्दी एका सुरात “अरे अरे अरे!”

माहिती देणारा मुलगा म्हणाला, “यातलं हजारात एखादंच मोठं होतं.” नणंदेने खोकल्यासारखं केलं. नवरा कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळायला लागला. मला इतकं हसू आलं की स्टूल डुगडुगलं. “अगं, तो कासवांचं सांगतोय!” सगळ्यांत माझ्यासाठी निरोप शोधायची खोड लागलीय या दोघांना. मला त्या पिल्लांचं आवडलं ते हेच की त्यांना माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. बऱ्याच दिवसांनी अर्धा-पाऊण तास मी पुढच्या स्कॅनचा विचार केला नाही, आणि न करण्यासाठी काही प्रयत्नही केला नाही. तुम्ही किती शूर आहात, असं कोणी म्हणण्यापेक्षा मला हे कितीतरी परवडतं.

माझ्यासारख्या कोणाला जायचं असेल तर काही गोष्टी. शनिवार-रविवारी तोबा गर्दी असते, रक्तातल्या पेशींचे काउंट्स कमी असताना ती नको. आठवड्याच्या मधले दिवस बघा. निघण्याआधी सीबीसी, म्हणजे पेशी मोजायची रक्ततपासणी, करून घ्या, डॉक्टरांना विचारा. थर्मामीटर जवळ हवाच. ताप १००.४ च्या वर गेला की ‘बघू सकाळी’ चालत नाही, म्हणून जवळचं मोठं हॉस्पिटल कुठलं, तिथवर किती वेळ लागतो, हे आधी ठरवून ठेवा. परतीच्या फेरीबोटीची वेळही विचारून घ्या. हाडांसाठीच्या झोलेड्रॉनिक अॅसिडची सलाईन नुकतीच लागली असेल तर दोन दिवस अंग मोडून येतं, तेव्हा निघू नका. पिल्लं फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत दिसतात. आणि काकडीच्या भाजीची रीत काकूंकडून लिहून घ्या, मी घेतलीय.