तुम्ही विचारलंत म्हणून: चार वर्षांत जुनाच होणार, तर नवा लॅपटॉप घ्यावा का?

हा प्रश्न आला की आधी विचारावंसं वाटतं, हातातल्या लॅपटॉपला नेमकं झालंय काय? हळू चालणं म्हणजे जुना होणं नव्हे.

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडा. काहीच चालू नसताना डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल आणि आत फिरती हार्ड डिस्क असेल, तर दुखणं तिथंच आहे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसते आणि मशीन ओळखू येणार नाही इतकं सुधारतं. डिस्क ठीक पण मेमरी ८५-९० टक्के भरलेली असेल, तर रॅम वाढवा. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन प्रकारांच्या पट्ट्यांची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून बसवू नका. झाकण उघडलं की आधी बॅटरीची पिन काढायची, मग बाकीचं. झाकण काढताना रबरी पायांखाली लपलेले स्क्रू राहून जातात आणि मग ओढाओढीत त्याच्या कड्या तुटतात.

खरी मुदत सॉफ्टवेअर ठरवतं. विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीचा किंवा पुढचा. आय५-८२५०यू यातला ८ म्हणजे पिढी; आय५-७२००यू बाहेर. टीपीएम नाही असं दिसलं तरी निराश होऊ नका. बऱ्याचदा ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद असतं, इंटेलवर पीटीटी नावानं. मात्र तिथं हात घालण्याआधी बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवा. ती मागितली गेली आणि सापडली नाही, तर डेटा गेला.

सातव्या पिढीचं मशीन ब्राउझर, पत्रव्यवहार, मराठी टायपिंग यासाठी लिनक्स मिंट या विंडोजऐवजी वापरायच्या मोफत प्रणालीवर छान चालतं. टॅली मात्र त्यावर थेट चालत नाही. हिशेबाचं काम असेल तर नवा घ्या.

बिजागरी मदरबोर्डाच्या बाजूनं उखडली असेल, बोर्डच गेला असेल, तरीही नवा घ्या. बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल, तर चार्जर काढा आणि वापर थांबवा. ती बदलली की लॅपटॉप पुन्हा कामाला येतो.

नवा घेताना प्रोसेसरच्या पिढीपेक्षा रॅम बघा. माहितीपत्रकात एलपीडीडीआर५ हा रॅमचा प्रकार लिहिला असेल, तर रॅम जवळजवळ नेहमीच बोर्डाला डाख दिलेली असते आणि नंतर वाढत नाही. तिथं ८ जीबी घेणं म्हणजे मुदत स्वतःच कमी करणं, १६ घ्या. एसओ-डिम स्लॉट (रॅमची पट्टी बसवायची खाच) असेल, तर ८वर सुरुवात करून पुढे भर घालता येते. एम.२चा (छोट्या एसएसडीचा) दुसरा स्लॉट रिकामा आहे का, हेही दुकानदाराला विचारा. तो 'असेल बहुतेक' म्हणाला, तर त्याच मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल उघडून खात्री करा, पैसे त्यानंतर द्या.