कार्बन बाणाचे पॉइंट बदलताना: माझा अनुभव

तिरंदाजीचे बारा बाण, आतला व्यास ४.२ मिमी, पॉइंट म्हणजे पुढची स्टीलची टोकं १०० ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं छोटं माप). ते काढून १२० ग्रेनचे बसवायचे होते. हे काम घरच्या गॅसवर नीट होतं. फक्त उष्णता स्टीलला द्यायची, कार्बनला नाही. शाफ्टमधले, म्हणजे बाणाच्या पोकळ नळीतले, कार्बनचे धागे राळेने धरलेले असतात. राळ जास्त तापली की आतले थर सुटतात, वरून काही दिसत नाही, आणि पुढे कधीतरी बाण सुटतानाच शाफ्ट फुटतो. तेव्हा धनुष्य धरलेला हात समोरच असतो.

आधी गोंद ओळखला. सांध्यावर नख रुतलं तर हॉट मेल्ट, म्हणजे उष्णतेने वितळणारा गोंद. काचेसारखा कडक असेल तर अराल्डाईटसारखं दोन भागांचं इपॉक्सी. माझ्याकडे नऊ हॉट मेल्टचे होते, तीन इपॉक्सीचे.

सुरुवात मागच्या टोकापासून, म्हणजे नॉक (धनुष्याच्या दोरीत अडकणारी खाच) काढून. नॉक तसाच ठेवला तर आतली हवा तापून फुगते आणि तो उडतो. नवा पॉइंट बसवतानाही कोंडलेली हवा त्याला मागे ढकलत राहते.

कोल्हापूर साधारण ५५० मीटर उंचीवर, त्यामुळे इथं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. कमी तापमानाच्या हॉट मेल्टला तेवढं पुरतं. पॉइंट आणि त्यामागचा शाफ्टचा जेमतेम दोन सेंटिमीटर भाग २० ते ३० सेकंद बुडवला, पॉइंट पकडीत धरला, शाफ्टला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि पिळत सरळ ओढला. वाकडा ओढायचा नाही, शाफ्टचं तोंड चिरतं. पहिल्यांदा हलला नाही तर पकडीचा जोर वाढवण्यापेक्षा परत पाण्यात घालावा. इपॉक्सी वितळत नाही, नुसतं रबरासारखं होतं. त्या तिघांना मिनिटभर पाणी, संथ ओढ, आणि दोन-तीन फेऱ्या लागल्या.

आतला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसला, काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत. मग प्रत्येक शाफ्ट हलका वाकवून फिरवला, कानाशी धरून. एकातून बारीक चर्र आवाज आला. तो बाद. तोंड घासायचं असेल तर ओल्या पॉलिश पेपरने आणि मास्क लावून. कार्बनची धूळ फुफ्फुसाला वाईट.

नवा पॉइंट टोकाकडून ज्योतीवर धरला, दांड्याला गोंद चोपडला आणि फिरवत आत घातला, म्हणजे थर सगळीकडे सारखा बसतो. गोंद चिकटण्याइतका गरम हवा, पण बोटांनी शाफ्टचं तोंड धरता आलंच पाहिजे. बाहेर आलेला गोंद गार झाल्यावर नखाने निघतो. सुपरग्लू मी पॉइंटला वापरत नाही. तो ठिसूळ असतो, निशाण्याच्या मॅटवर आदळून तडकतो आणि पॉइंट मॅटमध्येच राहतो. व्हेनला, म्हणजे बाणाच्या मागच्या पिसांना, तो चालतो, पण पावसाळी दमट हवेत आजूबाजूला पांढरी साय धरतो.

वजनाला स्वयंपाकघरातला काटा कामाचा नाही. गुजरीत सराफांकडे असतो तसला, ०.०१ ग्रॅम दाखवणारा हवा. १ ग्रेन म्हणजे ०.०६५ ग्रॅम, आणि उरलेले अकरा बाण मी तेवढ्याच फरकात आणले. पुढचं वजन २० ग्रेनने वाढलं की बाण सुटताना जास्त वाकतो, तेव्हा ट्युनिंग, म्हणजे धनुष्य आणि बाण एकमेकांना जुळवणं, पुन्हा करावंच लागतं.

शेवटी बाण दोन नखांवर ठेवून फुंकरीने फिरवला. टोक थरथरलं तर पॉइंट तिरका बसलाय, पाणी परत उकळायला ठेवायचं.