किरकोळ

आईच्या हिशेबाच्या वह्या गेल्या मे महिन्यात मी चिपळूणजवळच्या आमच्या घरातून पुण्याला आणल्या. आणल्या म्हणजे वाचवल्या. माळ्यावरची ट्रंक उघडली, तर निम्म्याहून जास्त वह्या वाळवीनं हिशेबासकट पचवल्या होत्या. हाती लागल्या त्या अकरा. बहुतेक विमा एजंटनं नव्या वर्षाला दिलेल्या डायऱ्या. प्रत्येक पानाच्या तळाशी एक छापील सुविचार, आणि त्या सुविचाराच्या डोक्यावर आईचं अक्षर: दूध, रॉकेल, वाणी, मासळी, पाहुणे, देवाधर्माचं, किरकोळ.

घरची परिस्थिती कळायला बेरजा बघायची गरज नाही. 'मासळी' एवढं एक सदर पुरे. सुरमई दिसली की समजायचं, कुवेतहून भाऊकाकाचा ड्राफ्ट आला. बांगडा म्हणजे सगळं ठीक चाललंय. सुकट म्हणजे महिन्याची वीस तारीख उलटली. आणि आडवी रेघ असली की त्या रात्री कुळथाचं पिठलं. (पावसात होड्या बंद असताना आणि श्रावणात मारलेल्या रेघा मात्र यातून वगळाव्या लागतात. तिथे धर्म, हवामान आणि अर्थ एकाच रेघेत येतात.)

१९९०च्या वहीत ऑगस्टच्या तिसऱ्या तारखेला एक नोंद आहे: 'रेडिओचे सेल २ – ८ रु.' बाकी पान नेहमीसारखं. आदल्या दिवशी, २ ऑगस्टला, इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या होत्या, आणि भाऊकाका तिथे सात वर्षं इलेक्ट्रिशियन होता. आईनं त्या युद्धाबद्दल वहीत एक शब्द लिहिलेला नाही. सेलचे आठ रुपये लिहिलेत.

तेव्हा आमच्या घराशेजारी काकाच्या घराचं काम चाललं होतं. जांभ्याचे चिरे रचत रचत मे महिन्यात भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. पावसाळा सरला की पुढचं काम, असं गवंड्याशी बोलणंही झालं होतं. पाऊस गेला, गवंडी दसऱ्यानंतर येऊन अंगणात बसला, चहा प्यायला आणि परत गेला. पुढची कित्येक वर्षं त्या भिंती तशाच उभ्या होत्या. शेवाळ धरलेल्या, वरून उघड्या. आम्ही मुलं त्या खिडक्यांतून आत-बाहेर उड्या मारायचो. घर म्हणून त्या चिऱ्यांचा तेवढा उपयोग झाला.

ऑगस्टअखेर गणपती आले, तेव्हा काकाची काहीच खबर नव्हती. गणपती आणायचे की नाही, यावर चर्चा झाल्याचं मला आठवत नाही. कोकणात ती होतच नाही. वहीत मखराचा खर्च शून्य आहे, कारण अण्णांनी जुन्या साड्यांची आरास केली. मोदक झाले, नारळ घरचेच होते. काकू आरतीला उभी राहिली आणि 'संकटी पावावे'ला तिचा आवाज बंद झाला, एवढं मात्र मला पक्कं आठवतं.

सप्टेंबरात तार आली: अम्मान, सुखरूप. कुवेतहून बसनं बगदाद, तिथून जॉर्डनची हद्द, वाळवंटातली छावणी, मग विमान. त्या दोन-अडीच महिन्यांत एअर इंडियाच्या विमानांनी अम्मानहून लाखाहून जास्त माणसं मुंबईला आणली. त्यांतला एक आमचा काका, हातात एक बॅग घेऊन. बॅगेत दोन शर्ट, टेस्टर आणि कुवेती दिनारच्या नोटा. त्या नोटांना इथल्या बँकेत कोणी हात लावेना. ज्या देशाचं सरकारच पळून गेलंय, त्याच्या नोटेची किंमत काय, हा प्रश्न मी नववीच्या नागरिकशास्त्रात नाही, आमच्या ओटीवर शिकले.

यानंतरच्या पानांवर मला वाटलं होतं तशी काटकसर दिसते. दूध दीड लिटरचं एक लिटर झालं. पेट्रोलवर आखाती अधिभार बसला, त्यामुळे अण्णांची लुना 'देवाधर्माला आणि दवाखान्याला' एवढीच निघायची. सुरमई वहीतून जी गेली ती गेलीच. फक्त 'पाहुणे' हे सदर दुप्पट झालं. माणूस लढाईतून जिवंत परत आलाय म्हटल्यावर पंचक्रोशी त्याला बघायला येणार, आणि बघायला आलेल्याला चहा द्यावा लागणार. संकटात खर्च कमी होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या महिन्यांची आमची साखर मोजावी.

नोव्हेंबरात आईनं आपल्या पाटल्या गहाण टाकल्या. पुढं जुलै १९९१मध्ये रिझर्व्ह बँकेनं ४७ टन सोनं इंग्लंड आणि जपानच्या बँकांकडे तारण ठेवायला पाठवलं, तेव्हा अण्णांनी पेपरातली ती बातमी मोठ्यानं वाचली. सगळा देश शरमेनं बोलत होता. आई तांदूळ निवडत होती. "आठ महिने उशीर केला त्यांनी," एवढंच म्हणाली. त्याच महिन्यात रुपयाचं दोनदा अवमूल्यन झालं, अर्थसंकल्प आला, गॅस आणि खतं महागली. पुढे त्या साऱ्याला 'सुधारणा' म्हणायला लागले. आमच्याकडे गॅस नव्हताच, त्यामुळे त्या सुधारणेपासून आम्ही तेवढे वाचलो. काकाचं नशीब मात्र जवळच होतं. कोकण रेल्वेचं काम सुरू झालं होतं, आणि करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा खोदणाऱ्यांना दिवे लावणारा माणूस हवा होता. कुवेतच्या उन्हातून तो थेट डोंगराच्या पोटात शिरला.

पुण्यात एका रविवारी या वह्या घेऊन बसले असताना एक गोष्ट लक्षात आली, आणि मग ती दिसतच राहिली. दूध कमी, रॉकेल कमी, मासळी नाही, कपडे नाहीत. पण 'किरकोळ' कमी नाही. जुलै १९९०ला ४० रुपये, डिसेंबरला ६५, पुढच्या वर्षी मार्चला ७०. चांगल्या दिवसांत हे सदर आक्रसतं आणि वाईट दिवसांत फुगतं. असं कुठलं किरकोळ असेल, जे लढाई लागली की वाढतं?

त्याचं उत्तर खरं तर आम्हा सगळ्यांना नऊ वर्षं आधीच मिळालं होतं. पण ते या प्रश्नाचं उत्तर आहे, हे कळलं नव्हतं.

८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री आठ वाजता पाचशे आणि हजाराच्या नोटा बाद झाल्याचं जाहीर झालं. देशातल्या चलनाच्या किमतीतला ८६ टक्के भाग एका भाषणात कागद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं अण्णांना हाक मारली आणि त्यांच्यासमोर ठेवलं: तांदळाच्या पिंपातली पिशवी, लग्नातल्या शालूच्या घडीतलं पाकीट, आणि देव्हाऱ्यामागचा हळदीकुंकवाचा जुना डबा. एकूण ६१,५०० रुपये. काही नोटांना हळद लागलेली. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शशीच्या ॲडमिशनला मी त्या पतपेढीवाल्याच्या पाया पडलो होतो." आई म्हणाली, "तेव्हा तुम्ही होतात ना. तुम्ही नसलात तर कोण पडणार होतं?"

यावर त्यांच्यात पुढं काय बोलणं झालं, ते मला माहीत नाही. फोनवर दोघांनीही वेगवेगळं सांगितलं. पण दोघं मिळून बँकेच्या रांगेत उभे राहिले, डबा खाल्ला, शेजारच्या गावच्या चार बायका भेटल्या. त्यांच्याही पिशव्यांना हळदीचा वास होता, असं आई सांगते. तिनं थोडं वाढवून सांगितलं असेल. सुट्या नोटा साठल्या की ती वाण्याकडून त्यांची एक मोठी नोट करून घ्यायची, कारण लपवायला सोपी. नेमकी तीच हुशारी अंगाशी आली.

आता आमचं पुण्यातलं घर. आमच्याकडे वही नाही, ॲप आहे. ते महिन्याला रंगीत चकती काढून दाखवतं. गेल्या वर्षभरात आम्ही केलेल्या काटकसरीचा हिशेब सांगायला मला लाज वाटते. नवऱ्याच्या कंपनीत माणसं कमी करायची कुजबुज सुरू झाली, तेव्हा आम्ही सगळ्यांत आधी काय बंद केलं? वर्तमानपत्र. दरमहा दोनेकशे रुपये. संध्याकाळी त्या निर्णयाच्या आनंदात बाहेरून जेवण मागवलं, ते सातशेचं. एसी घ्यायचा होता, पण जीएसटी कमी होणार असं १५ ऑगस्टला कळलं, म्हणून थांबलो. २२ सप्टेंबरला तो २८ टक्क्यांवरून १८वर आला, तोवर हवा गार झाली होती. "आता मार्चमध्ये बघू," असं ठरलं. 'बघू' हा आमच्या घरातला सगळ्यांत मोठा खर्च वाचवणारा शब्द आहे.

लेकीचं अमेरिकेत एमएस करायचं ठरलं होतं. मे २०२५मध्ये विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखती थांबवल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. सप्टेंबरात एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जावर एक लाख डॉलर शुल्क लागलं. डिसेंबरात डॉलर नव्वद रुपयांच्या वर गेला. दर वेळी आमच्या जेवणाच्या टेबलावर कर्जाचं नवं गणित मांडलं जातं आणि कोशिंबिरीचं पाणी सुटेपर्यंत चालतं. सध्या ती जर्मन शिकते आहे. भिंतीवर कागद चिकटवलेत: देअर, डी, दास. भाऊकाका मध्यंतरी येऊन गेला, त्यानं ते कागद बघितले. त्याच्या नशिबी कुवेतच्या नुकसानीची भरपाई संयुक्त राष्ट्रांच्या आयोगामार्फत काही वर्षांनी का होईना आली, आणि त्यातून त्या शेवाळलेल्या भिंतींवर एकदाचं छप्पर चढलं. "भाषा शिकून ठेव," तो नातीला म्हणाला, "दिनारसारखी बाद होत नाही."

आईच्या वहीत आणि आमच्या ॲपमध्ये मला एकच मोठा फरक दिसतो. आमच्याकडे किरकोळ उरलेलंच नाही. भाजीवालीपासून चप्पल शिवणाऱ्यापर्यंत सगळं क्यूआर कोडवर. जॉइंट खातं, त्यामुळे मी वीस रुपयांची कोथिंबीर घेतली तरी त्याचा टिंग नवऱ्याच्या खिशात वाजतो. पारदर्शक संसार म्हणतात तो हाच असावा. चांगला आहे, मी नाही म्हणत नाही. पण या संसारात पिंप नाही, शालूची घडी नाही, आणि कुणाला न सांगता घाबरायची सोय नाही. आई घाबरली की किरकोळमध्ये पंधरा रुपये वाढवायची. मी घाबरले की बातम्या बघते.

म्हणून दोन महिन्यांपूर्वी मी एटीएममधून तीन हजार काढले. टिंग वाजला. नवऱ्यानं विचारलं, "रोख कशाला?"

"किरकोळ लागतात."

त्यानं ॲपमध्ये तसंच टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तीन हजार काढले, तेव्हा विचारलंही नाही.

आई आता आमच्याकडेच असते, गॅलरीत ऊन खात बसते. नोटा कपाटात कुठं ठेवाव्यात, हे विचारायला मी तिच्याकडे गेले. तिनं हातात घेऊन बघितल्या. बाराच्या बारा नोटा पाचशेच्या.

"शहाणी आहेस," ती म्हणाली. "खाली जा आणि शंभराच्या करून आण."